महासाथीच्या काळातील परिचर्या शिक्षण आणि व्यावसायिकतेची जडणघडण : पुण्याच्या अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना :
परिचर्येकडे सेवाव्रत म्हणून पाहावे की व्यवसाय म्हणून, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. 1897 च्या प्लेगमध्ये शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीतील वाड्यांची झडती सैनिकांकरवी घेतली गेली. धास्तावलेली कुटुंबे आपले रुग्ण लपवू लागली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि प्लेगचीच लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे, 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने पांढरपेशा घरांतील स्त्रियांसाठी ससून रुग्णालयात परिचारिका-शिक्षणाची सोय केली. परक्यांची शुश्रूषा हे हलके काम मानले जाण्याच्या त्या काळात या कामाला शिक्षण, प्रमाणपत्र व वेतन यांची जोड मिळाली, ही बाब अधिक मोलाची होय. परिचर्या महाविद्यालयांतील शपथविधीच्या भाषणांत त्यागाचा उल्लेख हमखास होतो. प्रशिक्षणाचा सहसा होत नाही.

विद्यार्थी की कर्मचारी? :
9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातील पहिल्या कोविड रुग्णांची नोंद पुण्यात झाली आणि त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल करण्यात आले. काही दिवसांतच राज्यातील महाविद्यालये बंद झाली. शिरेत सुई घालणे, अत्यवस्थ रुग्णाची कूस बदलणे, नातेवाइकास वाईट बातमी सांगताना शेजारी उभे राहणे या गोष्टी पडद्यावरील व्याख्यानातून शिकवता येत नाहीत. तरीही 3 मे 2021 रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र शासनाने परिचर्या पदवी-पदविकाधारकांप्रमाणेच अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्या विद्यार्थ्यांनाही ज्येष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटी देण्यास मुभा दिली. ज्यांचे प्रात्यक्षिकाचे तास बुडाले होते, त्यांच्यावरच सर्वांत अवघड वॉर्डाची जबाबदारी येण्याची ही स्थिती होती.

या निर्णयातील कळीचा शब्द ‘देखरेखीखाली’ हा आहे. देखरेख नसेल तर विद्यार्थी हा केवळ स्वस्त मनुष्यबळ ठरतो, आणि अशा वेळी सेवाभावाची आठवण करून देणे म्हणजे त्याची फसवणूकच होय. नेमून दिलेले काम आपणास येत नाही, हे वेळीच सांगणे हा व्यावसायिकतेचाच भाग आहे. पुरेसे संरक्षक साहित्य मागणे हाही. मात्र अशा नकाराला उद्धटपणा समजणाऱ्या वातावरणात विद्यार्थी गप्प बसायला शिकतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

वॉर्डातील वर्तन :
व्यावसायिकतेची खरी परीक्षा कोणाचे लक्ष नसताना होते. पीपीई किट घालताना सहसा सारेच दक्ष असतात; काढताना, सहा-आठ तासांच्या घामानंतर, घाई होते. हातमोजे व झगा आधी, एन-95 मुखपट्टी रुग्णकक्षाबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी आणि मधल्या टप्प्यांवर हातांची स्वच्छता, हा क्रम पाठ असणे निराळे आणि थकल्यावरही पाळणे निराळे. ऑक्सिजनच्या पातळीची नोंद प्रत्यक्ष पाहून करायची की मागच्या आकड्यावरून अंदाजाने भरायची, हा प्रश्नही तसाच. चुकीची कबुली देणाऱ्यास अध्यापक कसे वागवतात, यावर पुढची चूक उघड होईल की दडवली जाईल हे ठरते.

गोपनीयतेचा मुद्दा पेठांच्या संदर्भात विशेष नाजूक आहे. सामायिक चौक, अरुंद जिना आणि भिंतीला भिंत लागून शेजार असलेल्या वाड्यात कोणाच्या घरी कोण आजारी आहे ही गोष्ट लपत नाही. अशा ठिकाणी गृहभेटीस गेलेल्या विद्यार्थिनीने जिन्यात विचारलेल्या साध्या प्रश्नाला दिलेले सहज उत्तरही एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्यास पुरेसे ठरू शकते. 1897 मध्ये रुग्ण दडवले गेले ते अविश्वासापोटी. आजही चाचणी टाळण्यामागे हीच भीती असू शकते.

कायदा आणि अभ्यासक्रम :
विश्वासाची दुसरी बाजू संरक्षणाची आहे. 1897 चा साथरोग कायदा शासनाला अधिकार देणारा होता. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले हा अजामीनपात्र गुन्हा ठरवणारी दुरुस्ती त्यात 2020 मध्ये झाली. ही तरतूद विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकापूर्वीच सांगितली जावी.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 मधील सुधारित पदवी अभ्यासक्रमात व्यावसायिकता, मूल्ये व नीती यांसाठी चौथ्या सत्रात एक श्रेयांकाचा, 20 तासांचा स्वतंत्र विषय आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थी वॉर्डात पाऊल ठेवतो ते पहिल्याच सत्रात. मधल्या तीन सत्रांत तो ज्येष्ठ परिचारिकांकडे आणि अध्यापकांकडे पाहून शिकत असतो : हात धुतले की नाहीत, रुग्णाला नावाने हाक मारली की खाटेच्या क्रमांकाने, पडदा ओढला की तसाच ठेवला. या निरीक्षणासाठी वेळापत्रकात तास नाही आणि त्याची परीक्षाही होत नाही.