संपलेले सेल जातात कुठे?

आपल्या श्रीगोंद्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालतो ते ‘सेल’. रात्री उसाला पाणी द्यायला जाताना बॅटरी लागतेच. घड्याळ, रिमोट, खेळणी यांतही सेल असतात. पण ते संपल्यावर काय होतं?

चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला. “उकिरड्यात टाकतो”, “चुलीत टाकतो”, “उन्हात ठेवतो, परत चालतात” अशी उत्तरं आली. एक जण म्हणाला, “सर, आम्ही फोडून आतली कांडी काढतो. तिनं लिहिता येतं!” खरं सांगायचं तर लहानपणी मीही तेच केलंय.

साध्या सेलचं बाहेरचं कवच जस्ताचं असतं. मधली कांडी कार्बनची, भोवतीची काळी पूड मँगनीज डायऑक्साइडची, शिवाय नवसागर किंवा झिंक क्लोराइड. अल्कलाइन सेलमध्ये त्वचा भाजणारा अल्क असतो. काही जुन्या सेलमध्ये पारा, तर निकेल-कॅडमियम सेलमध्ये कॅडमियम असतं. उकिरड्यात टाकलेला सेल गंजतो, फुटतो आणि शेणखताबरोबर आपल्याच शेतात जातो. चुलीत टाकला तर तो फुटून डोळ्याला इजा होऊ शकते.

बटण सेल तर फारच जपा. मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होते. उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

मग करायचं काय?

१. संपलेले सेल प्लास्टिकच्या कोरड्या बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.
२. बटण, लिथियम आणि चौकोनी ९ व्होल्टच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा. टोकं एकमेकांना लागली तर आग लागू शकते.
३. फुगलेली मोबाइल बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका.
४. इन्व्हर्टर किंवा ट्रॅक्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. त्यातलं शिसं पुन्हा वापरता येतं.
५. बरणी भरली की अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. जवळ केंद्र नसेल तर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे तशी मागणी करा.

ही मागणी म्हणजे उपकार मागणं नव्हे. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मात्र घरच्या कचऱ्यातून त्या वेगळ्या काढणं हे आपलं काम आहे.

आमच्या वर्गात आता कपाटावर एक बरणी आहे. तुमच्याही शाळेत ठेवून बघा. आणि मुलांना कांडी हवीच असेल, तर खडू द्या!