फिस्टुला बंद का पडतो?

डायलिसिसला आलेल्या रुग्णाच्या हातावर तंत्रज्ञ आधी बोटे ठेवतो. मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा, तशी थरथर त्वचेखाली लागली की मगच सुई. थरथर लागलीच नाही, तर त्या दिवशीचे डायलिसिस अडते आणि बहुतेकदा मानेत नळी घालायची पाळी येते.

ही थरथर फिस्टुलाची. यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागते आणि हातावरच्या साध्या शिरेतून ते मिळत नाही. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. धमनी शेजारच्या शिरेला जोडून द्यायची. जोराचे रक्त आत आले की शीर रुंदावते, भिंत जाड होते आणि आठवड्यातून दोन-तीनदा टोचून घ्यायला ती तयार होते.

दुखणेही तिथेच सुरू होते. शीर मुळात एवढ्या दाबासाठी नसते. जोडापाशी रक्ताला भोवरे पडतात, आतले अस्तर दुखावते, पेशी वाढत जातात. बोअरच्या पाण्याने नळ आतून चोंदावा, तशी वाट अरुंद होते. मग एखाद्या दिवशी डायलिसिसमध्ये जास्त पाणी काढले जाऊन रक्तदाब उतरतो किंवा रुग्ण त्याच हातावर झोपतो, आणि गुठळी होते. घरचे म्हणतात, ‘काल तर चांगला होता!’ खरे तर तो बरेच दिवस तक्रार करत असतो. सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, हात सुजतो, यंत्राचा दाबाचा गजर वारंवार वाजतो, गुरगुरीऐवजी नुसते ठणठण ठोके लागतात.

काही फिस्टुला तयारच होत नाहीत. मधुमेहाने धमन्या कडक झालेल्या असतात, शिरा बारीक असतात. शिवाय आधीच्या आजारपणांत सलाइनसाठी दिसेल ती शीर टोचलेली असते. हे नुकसान मात्र टाळता येण्याजोगे आहे. मूत्रपिंडाचा आजार वाढतोय असे कळताच एक हात राखून ठेवावा, शक्यतो रोजच्या कामाचा नसलेला. रक्त तपासायला द्यायचे तर पंजाच्या मागच्या शिरेतून द्यावे. रुग्णालयात हे रुग्णाने स्वतः सांगावे, संकोच नको.

फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ नको, जड पिशवीही नको. सुया एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथे फुगवटा येतो, म्हणून जागा बदलायला सांगावे.

अरुंद झालेली वाट फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते. ताजी गुठळीही काढता येते, पण दिवस गेले की ते अवघड होत जाते. म्हणून रोज सकाळी आणि झोपताना हाताला बोटे लावून पाहावीत. थरथर लागली नाही, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला फोन करावा.