कोटाच्या आतला बाजार आणि पायी येणारे गिऱ्हाईक

चंद्रपूरच्या व्यापाऱ्यांत जटपुरा दरवाज्याचा विषय निघाला की तक्रार एकच, वाहतुकीची कोंडी. रस्ता रुंद करा, असे कुणी म्हणतो. कोटच अडचणीचा आहे, असे दुसरा म्हणतो. या तक्रारीकडे धंद्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हाला वाटते.

हा कोट गोंड राजांचा. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या. पूर्वी शहरात शिरायचे तर याच वाटा होत्या. त्यामुळे गिऱ्हाईक ठराविक रस्त्यांवर येई आणि बाजारही तेथेच बसला. आजही जटपुऱ्याहून गांधी चौकाकडे पायी निघालेला माणूस दुकानासमोर थांबतो, भाव विचारतो, एका कामासाठी येऊन चार वस्तू नेतो. गाडीवाला मात्र गाडी लावायला जागा शोधतो आणि न मिळाल्यास पुढे निघून जातो.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी. १९८२ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या या गावाला कोट नाही. तेथील बाजार चंद्रपूर, आरमोरी, धानोरा, चामोर्शी या रस्त्यांच्या कडेने वाढला. पायी फिरणाऱ्याला तेथे भरधाव वाहने चुकवावी लागतात.

दिल्लीच्या चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ मध्ये दिवसा मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधण्यात आला. जुन्या बाजारपेठेला असाही मार्ग आहे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. चंद्रपूरचा कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते आणि दुरुस्तीलाही लागते. कोटालगत दुकान किंवा कारखाना घेणाऱ्या बांधवांनी बयाणा देण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी, नाहीतर आयुष्याची पुंजी अडकून पडेल.

बाकीचे आपल्याच हातात आहे. दुकानाबाहेर रस्त्यावर माल मांडू नये. माल सकाळी लवकर उतरवून घ्यावा. स्वतःची दुचाकी दुकानाच्या दारात दिवसभर उभी करू नये. आणि सर्व व्यापाऱ्यांनी मिळून महानगरपालिकेकडे कोटाबाहेर वाहनतळाची मागणी लावून धरावी. दरवाज्यातून माणसांना सुखाने येता आले, तर गल्ल्यात त्याचा फरक दिसल्याशिवाय राहणार नाही.