राग ओळखा, पण कशावरून?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत शास्त्रीय गाण्याची मैफल कधीच नेमाने मिळाली नाही. मोठा गवई समोर बसून ऐकायचा तर नागपूर गाठावं लागे. जंगलाच्या या मुलखात गाण्याचं वेड जपलं गेलं ते रेडिओवर, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, भजनी मंडळांत आणि एका खेळात. तो खेळ म्हणजे राग ओळखण्याचा. आज तो मोबाइलवर खेळला जातो म्हणून नवा वाटतो, पण त्याची मुळं बरीच मागे जातात.

पहिलं मूळ रेडिओचं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. १९५२पासून शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागू लागला. निवेदक सुरुवातीलाच रागाचं नाव सांगे. ते ऐकायचं राहिलं की शेवटच्या निवेदनापर्यंत घरात तर्क चालत. वडीलधारी माणसं डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, “पंचम लागला का रे कुठे?” एवढ्या एका प्रश्नाने निम्मे राग बाद होत. त्याच १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ने हा खेळ शास्त्रीय गाणं न ऐकणाऱ्यांच्याही घरात नेला. त्यातली अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांची जुगलबंदी कोणत्या रागातली, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं विचारला जात होता. उत्तर देसी. पुढे विविध भारतीवरच्या ‘संगीत सरिता’ने रोज सकाळी राग उलगडून दाखवायला सुरुवात केली आणि पुष्कळांना आधी पाठ झालेल्या गाण्याचं नाव-गाव नंतर कळलं.

दुसरं मूळ परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला ‘स्वरसमूहावरून राग ओळखा’ हा प्रश्न आठवत असेल. कागदावर चार-पाच स्वर, पुढे रिकामी जागा. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, लक्षणगीतं रचली, वादी-संवादी नेमके लिहून ठेवले. त्यामुळे हा प्रश्न विचारणं शक्य झालं. पण कागदावरच्या उत्तराने कान तयार होत नाही, हेही याच खेळाने शिकवलं. सा रे ग प ध एवढेच स्वर लिहिले तर ते भूपाचेही आहेत आणि देशकाराचेही. भूप गंधारावर विसावतो, तो संध्याकाळनंतरचा. देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने चालतो, तो सकाळचा. स्वर तेच, पण माणूस वेगळा.

तिसरं मूळ मला सगळ्यांत जवळचं आहे, कारण ते इथल्या मातीतलं आहे. दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या जंगलाच्या मुलखात, मंडई, शंकरपट आणि नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं मोठं केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्याच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव दूरवर पोहोचलं. पण तिथल्या पेटीमास्तरांकडे किती गाणं साठलेलं आहे, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर राग, ताल आणि चाल छापलेली असे. पुस्तक फाटलं, हरवलं, तरी चाल हातांत राहिली. अशा माणसाला रागाचं नाव विचारलं तर तो कदाचित सांगणार नाही, पण चुकीचा स्वर लावून पाहा, लगेच हात वर करील.

नाटकातलं सर्वांत सुंदर कोडं विदर्भाच्याच माणसांनी दिलं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवांनी एकाच पदाला दोन घराण्यांसाठी दोन चाली दिल्या. प्रसाद सावकारांचं पद धानी रागात, वसंतरावांचं सालगवराळीत. शब्द तेच असताना राग वेगळा का वाटतो, हे ज्याला सांगता आलं, तो श्रोता तयार झाला असं मी मानतो.

२०२०च्या टाळेबंदीत मैफली थांबल्या, झाडीपट्टीचे मंडपही सुने झाले. तेव्हा आम्हा काही श्रोत्यांचा मोबाइलवरचा खेळ रोजचा झाला. एकाने अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा पाठवायचा, बाकीच्यांनी राग सांगायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच फोडायचं हा नियम पहिल्यापासून ठेवला, कारण भामरागड-एटापल्लीकडे नेटवर्क येतं-जातं, आणि तिकडचा कान कुणाहून उणा नाही.

या खेळाने फोनच्या मर्यादाही दाखवल्या. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिघांत कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि वर्ज्य पंचम. पूरियाचा जीव मंद्र सप्तकात, सोहनीचा तारसप्तकात. फोनच्या छोट्या स्पीकरमधून मंद्राचं वजन निघतच नाही. मग पूरिया हलका वाटतो आणि चांगले जाणकारही मारव्याकडे झुकतात. कानात इअरफोन घातला की उत्तर बदलतं.

सिरोंच्याकडे तेलुगू घरोघर बोललं जातं, त्यामुळे तिकडच्या श्रोत्यांसोबत कर्नाटक संगीताची नावंही खेळात आली. भूप म्हणजे मोहनम्, यमन म्हणजे कल्याणी. फसवणारं नाव हिंदोलम्चं. ते आपल्या हिंदोलाचं नसून मालकंसाचं.

आणि मूर्च्छनेचं कोडं तर आम्ही अनेक दिवस पुरवून खाल्लं. भूपाचे पाच स्वर घ्या. त्यातल्या गंधाराला षड्ज माना, मालकंस उभा राहतो. पंचमाला माना, दुर्गा. धैवताला माना, धानी. रिषभाला माना, तर मधुमाद सारंग किंवा मेघ. पाच सुरांत एवढे राग दडलेले असतात हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पेटीवर स्वतः षड्ज सरकवत ऐकणं वेगळं. तो आनंद मला एखाद्या मैफलीइतकाच मोठा वाटला.

इतक्या वर्षांच्या खेळातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कोणता कलाकार, कोणतं साल, कोणती ध्वनिमुद्रिका, ही कोडी स्मरणशक्तीची. ती रंजक आहेत, पण त्यांनी गाणं कळत नाही. राग ओळखल्यावर ‘कशावरून?’ असं विचारलं की खरं काम सुरू होतं. गंधारावरचा ठहराव, निषाद लावण्याची तऱ्हा, अवरोहातलं एखादं वळण, असं काही बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाव चुकलं तरी चालेल, कारण सांगता आलं पाहिजे. आमच्यात दरबारीला अडाणा म्हणणाऱ्याने स्वर नीट सांगितले होते, चुकला होता फक्त चालीत, आणि त्या एका चुकीवर झालेल्या चर्चेतून सगळेच शिकले.

आता झाडीपट्टीत ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझर आले आहेत. त्याला माझी हरकत नाही, प्रेक्षकांना ते हवं आहे. पण जुन्या चाली हातांत असलेले पेटीमास्तर वयोवृद्ध होत चालले आहेत आणि त्यांच्या चालींची कोडी अजून कुणी घातलेलीच नाहीत. या हंगामात मंडईला गेलात, तर नाटकाआधी घटकाभर पेटीजवळ बसा. एखाद्या जुन्या पदाची चाल वाजवायला सांगा, परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, गावाचं, मास्तरांचं आणि नाटकाचं नाव सोबत लिहा आणि आपापल्या मित्रमंडळींत पाठवून विचारा, राग कोणता आणि कशावरून.