जुनी पर्स, 86 कोटींची!

मैत्रिणींनो, वापरलेल्या पर्सला कोण किती देईल? जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात दिवंगत अभिनेत्री जेन बर्किनची काळी चामडी बॅग तब्बल 86 लाख युरोंना गेली. म्हणजे सुमारे 86 कोटी रुपये! हँडबॅगसाठी हा विक्रमच. लहान मुलांच्या आईला पुरेल अशी बॅगच मिळत नाही, ही तिची विमानातली तक्रार शेजारी बसलेल्या ‘हर्मेस’च्या प्रमुखांनी ऐकली आणि 1985 मध्ये ही बॅग बनली. तिनं ती वर्षानुवर्षं वापरली. ओरखड्यांसकट विकली गेली.

बातमी वाचली आणि माळ्यावरची आईची रेक्झिनची पर्स काढली. चेन तुटलेली, आत एसटीचं तिकीट, सुपारीचं खांड. दिवाळीत मीच ती भंगारात देणार होते! आता साड्यांच्या कपाटात ठेवलीय.