मुठीतला मिलिमीटर

आशियाई क्रीडास्पर्धेतील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बंग येथे झाली. पन्नास गोळ्या झाडूनही तिचा निकाल लागला नव्हता. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफासवान यांगपाइबून या दोघींचे ३४ वेध झाले होते. जादा पाच गोळ्यांतही ४-४ अशी बरोबरी! त्यापुढील पाचांत राहीने तीन वेध घेतले, प्रतिस्पर्ध्याने दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली. अशा वेळी प्रेक्षक नेमबाजाच्या नजरेचे कौतुक करतात. निकाल मात्र बऱ्याच अंशी मुठीत ठरत असतो.

या फेरीत हात ४५ अंशांत खाली ठेवून उभे राहायचे, तो उचलायचा, नेम धरायचा आणि गोळी झाडायची. हे सारे तीन सेकंदांत. मग सात सेकंदांची उसंत. असे पाच वेळा. पिस्तूल एकाच हाताने धरायचे, मनगटाला कोणताही आधार घ्यायचा नाही. मधल्या सात सेकंदांत पकड नव्याने बसविण्यास वाव जवळजवळ नसतोच. पहिल्या गोळीपूर्वी जशी मूठ आवळली, तीवरच पाचही गोळ्या निभवाव्या लागतात.

पकडीचे महत्त्व गणिताने चटकन पटते. पिस्तुलाची मागील खाच आणि पुढील माशी यांत जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर असते. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवरील गोळी सुमारे ११ सेंटिमीटर भरकटते. पात्रता फेरीच्या अचूकतेच्या टप्प्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे! करंगळी जराशी जास्त दाबली गेली, तरी तेवढी चूक घडू शकते.

म्हणून अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचकी दस्त्यावर शक्य तितकी वर बसवितात आणि नळीची रेषा हाताच्या रेषेत आणतात. गोळी सुटताना बसणारा धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. हात त्या रेषेच्या जितका खाली, तितके नळीचे तोंड अधिक उसळते. मुख्य दाब मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा असतो, तोही सरळ मागे, तळव्याकडे. अंगठा नुसता टेकलेला असतो. तर्जनी दस्त्याला न चिकटता मोकळी असावी लागते, कारण किमान एक किलो भार लागणारा चाप तिला पहिल्या पेराने सरळ मागे ओढायचा असतो.

नवशिक्या मात्र धक्क्याच्या धास्तीने मूठ करकचून आवळतो. स्नायू थरथरू लागतात आणि चाप ओढताना सारा पंजाच मिटतो. वस्तुतः .२२ गोळीचा धक्का सौम्य असतो. नळीची बहुतेक उसळी गोळी बाहेर पडल्यानंतरच दिसते. ती दाबून टाकण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. दाब आणि मनगटाचा ताठपणा दर वेळी तोच राहिला, तर नळी उसळते तेवढीच आणि परतते त्याच जागी.

स्पर्धेतील पिस्तुलांचा लाकडी दस्ता ज्याच्या त्याच्या हातानुसार तासून, प्रसंगी लांबी भरून घडवितात. चपलेसारखाच तो दुसऱ्याच्या कामाचा नसतो. किलोभर वजनाचे शस्त्र दिवसभर उचलल्याने कोपरावर ताण येतो, तो वेगळाच. राहीलाही कोपराच्या दुखापतीने दीर्घकाळ सतावले होते. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये दोनदा कांस्यपदक मिळविणाऱ्या मुंखबयार दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखाली तिने पालेम्बंगचे यश मिळविले.

पकड तपासण्याची एक साधी रीत आहे. रिकामे पिस्तूल धरून डोळे मिटायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. माशी खाचेत मधोमध दिसली तर उत्तम. ती एका बाजूला दिसली, तर मनगट वळवून जुळवाजुळव करायची नाही. कानस घ्यायची आणि दस्ता तासायचा.