नवे काय आले? : फीडची ओळख

(तृतीय वर्ष, कला)

भाईंदर स्टेशनाबाहेर पहाटे वृत्तपत्रांचे गठ्ठे सुटतात आणि विक्रेते ते घेऊन घरोघर निघतात. आपण विक्रेत्याला एकदाच सांगतो, "हे दैनिक रोज, ते फक्त रविवारी." पुढे रोज मागावे लागत नाही आणि न सांगितलेले काही तोही दारात टाकत नाही. या साध्या व्यवहारात एक महत्त्वाची गोष्ट आहे. घरात काय यावे, हे वाचक ठरवतो.

आज आपले बरेचसे वाचन मोबाईलवर होते आणि तेथे नेमके उलटे घडते. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडले की समोर काय यावे, हे त्या कंपनीचे गणित ठरवते. ज्यांचे लेखन आपण मुद्दाम निवडले, त्यांचे दिसेलच असे नाही. दिसले तरी वेळेवर दिसेल असे नाही.

याची किंमत मला गेल्या वर्षी कळली. एका शिष्यवृत्तीची सूचना एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर लागली होती. अकरा दिवस ती तेथे होती. आमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी ती टाकलीही होती. पण सुप्रभाताची फुले आणि वाढदिवसाचे केक यांच्याखाली ती केव्हाच गाडली गेली. मुदत मंगळवारी संपली. मला बुधवारी कळले. माझे वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतात. ते मला काही बोलले नाहीत. फीसाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली, एवढेच. पुढे एका सरांनी दाखवून दिले, की त्या संकेतस्थळाला 'फीड' होती. फीड म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते! माझ्यासारखे आणखी कोणी असतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

फीड म्हणजे काय?

ग्रंथालयाच्या दारावर लावलेली 'नवीन आलेली पुस्तके' ही यादी डोळ्यांपुढे आणा. तीत पुस्तक नसते. पुस्तकाचे नाव, लेखक आणि तारीख असते. फीड ही संकेतस्थळाच्या दारावरची अशीच यादी होय. नवा मजकूर प्रसिद्ध झाला, की या यादीत एका नोंदीची भर पडते. तीत शीर्षक, दुवा, तारीख आणि थोडा गोषवारा असतो. काही ठिकाणी संपूर्ण लेखही असतो. ही यादी माणसाने नव्हे, यंत्राने वाचायची असल्याने ती 'एक्सएमएल' नावाच्या ठरावीक पद्धतीने लिहिलेली असते.

ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला 'फीड रीडर' म्हणतात. त्याला आपला शिपाई समजावे. आपण त्याला दारे नेमून द्यायची. तो ठरावीक वेळाने प्रत्येक दारी जातो, मागच्या फेरीनंतर काय लागले ते पाहतो आणि नवे तेवढे उतरवून आणतो. पुष्कळदा यादीत बदल नसेल, तर समोरचा संगणक "काही बदल नाही" एवढाच निरोप देतो, त्यामुळे फेरी स्वस्तात पडते. आपले वीस ठिकाणचे हेलपाटे मात्र वाचतात.

थोडा इतिहास

ही पद्धत मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मली. तिच्या निर्मात्यांत डॅन लिबी यांच्याबरोबर मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. तिचे नाव 'आरएसएस'. ही अक्षरे वाचून वाचकांच्या मनात दुसरेच काही येईल, पण त्याचा येथे संबंध नाही. २००० च्या डिसेंबरात निघालेल्या आवृत्तीच्या कर्त्यांत आरन स्वार्ट्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता. २००२ मध्ये डेव्ह वायनर यांनी आणलेली दुसरी आवृत्ती आजही सर्रास चालते. २००५ मध्ये 'ॲटम' हे तिचे भावंड आले. रीडरला दोन्ही चालतात.

मराठीलाही या यादीचा उपयोग झाला आहे. मराठी ब्लॉग बहरात होते तेव्हा 'मराठी ब्लॉग विश्व' या संकेतस्थळावर अनेकांच्या ताज्या नोंदी एके ठिकाणी दिसत. अशी एकत्र यादी फीडच्या आधारेच बनते. २००५ साली आलेला 'गूगल रीडर' लोकप्रिय होता. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. तेव्हा पुष्कळांना वाटले, की फीडचा काळ संपला. तसे झाले नाही. वाचकांनी आपल्या निवडीची यादी एका फाईलमध्ये उतरवून घेतली आणि दुसऱ्या रीडरमध्ये नेली. शिपाई बदलला, दारे तीच राहिली. आज पॉडकास्टचे नवे भाग ॲपमध्ये आपोआप येतात, तेही मुख्यतः फीडमुळेच.

वापरावी कशी?

'फीडली' किंवा 'इनोरीडर' यांपैकी एखादा रीडर घ्यावा. संगणकावर 'थंडरबर्ड' आहे. त्यात हव्या त्या संकेतस्थळाचा पत्ता टाकावा. बहुतेक वेळा रीडर फीड स्वतःच शोधतो. न सापडल्यास, संकेतस्थळ वर्डप्रेसवरचे असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहावा. मराठी विकिपीडियावरील 'अलीकडील बदल' या पानालाही फीड आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना पत्र सूचना कार्यालयाची आणि रिझर्व्ह बँकेची फीड उपयोगी पडेल.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक संकेतस्थळाला फीड नसते. अनेक ठिकाणी नव्या सूचनेपुढे 'नवीन' असा लुकलुकणारा शब्द तेवढा असतो. तेथे स्वतः जाऊन पाहण्यास पर्याय नाही. दुसरे असे, की हाव धरून शंभर दारे नेमली, तर न वाचलेल्या नोंदींचा ढीग साचतो आणि पुन्हा व्हॉट्सॲपचीच गत होते. सुरुवातीला दहा पुरेत.

आमच्यापैकी अनेकांचा दिवस मीरा रोड किंवा भाईंदरच्या फलाटावर सुरू होतो. विरारहून भरून आलेल्या गाडीत एक पाय ठेवायला जागा मिळाली, तर एका हाताने मोबाईल निघतो. हाती असलेली ती पंधरा मिनिटे कोणाच्या मर्जीने खर्च व्हावीत, हा खरा प्रश्न आहे. मी सध्या नऊ दारे नेमली आहेत. त्यांत पहिले दार त्या शिष्यवृत्तीच्या कार्यालयाचे आहे. यंदाची सूचना लागली त्याच संध्याकाळी ती मला मिळाली आणि तिसऱ्या दिवशी माझा अर्ज गेला. निकाल काय लागेल ते लागो. निदान या वेळी मुदत हुकली नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकालाही अशी फीड असावी, अशी नम्र सूचना करून लेखणी थांबवतो.